ब्रेकची एअर, घाट आणि इलेक्ट्रिक पिकअप: वाचकांचे प्रश्न

गेल्या वेळी इलेक्ट्रिक मालगाड्यांच्या टायरबद्दल लिहिलं आणि पत्रं मात्र ब्रेकबद्दलच आली, बहुतेकांचा सूर एकच की गाडीत इंजिन नाही, ऑइल नाही, क्लच नाही, मग हे ब्रेकचं लफडं कशाला उरलंय. उरलंय कारण मोटर बदलली तरी पेडलपासून चाकापर्यंत जाणारी ब्रेक ऑइलची लाइन तीच जुनी आहे, आणि तिच्यात हवा शिरली की ती बाहेर काढावी लागते, त्यालाच एअर काढणं म्हणतात. त्यातले काही प्रश्न घेतो.

प्रश्न: दादा, माझी चारचाकी इलेक्ट्रिक पिकअप आहे. सीझनला भिलारवरून स्ट्रॉबेरी आणि एरवी भाजी भरून पसरणी घाट उतरून वाईला आणतो. हल्ली घाटात निम्म्यावर आलं की ब्रेकचं पेडल मऊ पडतं आणि खाली खाली जायला लागतं, वाईत माल उतरवून तासाभराने निघालं की एकदम बरं. गॅरेजवाल्याने मागे एकदा एअर काढून दिली, चार दिवस बरं वाटलं, आता परत तेच. परत एअर काढू का?
– एक गाडीमालक, वाई

उत्तर: आधी एक काम करा, हे निस्तरेपर्यंत भरलेली गाडी घाटात घालू नका. एखादा आठवडा दुसऱ्याची गाडी भाड्याने घ्या, पण हे ऐका.

लाइनमध्ये नुसती हवा असती तर पेडल सपाटीलाही मऊ लागलं असतं, सकाळी पहिल्यांदा पाय ठेवला तरी लागलं असतं. तुमचं पेडल तापल्यावर बसतंय आणि गार झाल्यावर उठतंय, म्हणजे ब्रेक ऑइल उकळतंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, झाकण बंद असलं तरी रबरी होज पाइपातून हळूहळू घेतंच, आणि जितकं पाणी जास्त तितकं ते लवकर उकळतं. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत, डब्यावर लिहिलेली असते. डॉट ३ चं नवं ऑइल कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसला उकळायला हवं असा नियम आहे, डॉट ४ चं २३० ला. तेच ऑइल ओलावा खाऊन बसलं (चाचणीत साधारण ३.७ टक्के पाणी धरतात) की डॉट ३ ची मर्यादा येते १४० वर आणि डॉट ४ ची १५५ वर. भरलेल्या गाडीला घाटात पाय ठेवून ठेवून उतरवलं की कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आत तेवढी उष्णता पोचायला काही वेळ लागत नाही. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, तुमच्या पायाचा जोर वाफ दाबण्यात जातो आणि चाकापर्यंत पोचतच नाही. गार झालं की वाफेचं परत पाणी, पेडल परत घट्ट, आणि गॅरेजात दाखवायला न्यावं तर गाडी एकदम शहाण्यासारखी वागते.

मागच्या वेळी एअर काढताना निपलमधून (चाकाजवळचा ऑइल सोडायचा छोटा बोल्ट) थोडं जुनं ऑइल गेलं आणि तेवढंच नवं आलं म्हणून चार दिवस बरं वाटलं. आता सगळं ऑइल बदलून घ्या, चारही चाकांतून स्वच्छ नवं ऑइल येईपर्यंत. अशा गाडीला लाइनसकट धुवून काढायला पाऊण ते एक लिटर लागतं, अडीचशे मिलीची बाटली आणून भागत नाही. डबा सीलबंद घ्या, गॅरेजातल्या फळीवर सहा महिने उघडा पडलेला नको, त्याने ओलावा आधीच प्यायलेला असतो.

एक बारीक फरक सांगून ठेवतो. मागे ड्रम असतील तर खूप तापल्यावर ड्रम फुगतो आणि पेडल थोडं खाली जातं, पण ते खाली जाऊन घट्ट लागतं. आणि पेडल जागेवर कडक आहे तरी गाडी थांबत नाही असं झालं तर तो पॅड (डिस्कला घासणारे) किंवा लायनर (ड्रमला आतून घासणारे) तापल्याचा प्रकार. तुमचं स्पंजासारखं लागतंय म्हणून ऑइलवर बोट ठेवतोय.

आता इलेक्ट्रिकचा मुद्दा, जो तुम्हाला कुणी सांगितला नसणार. एरवी उतारावर पाय उचलला की मोटरच गाडी धरते आणि बॅटरी भरते, यालाच रिजन म्हणतात, ब्रेकला कामच उरत नाही. पण तुम्ही वर चार्जिंग कुठे करता? रात्री वर मुक्काम, सकाळी बॅटरी शंभर टक्के, आणि तिथूनच खाली, असं असेल तर भरलेल्या बॅटरीत वीज घालणार कुठे? कंट्रोलर रिजन कमी करतो किंवा बंदच करतो आणि गाडीचं सगळं ओझं पॅड आणि लायनरवर येतं. हिशोब करून बघा, पाचगणी ते वाई साडेपाचशे-सहाशे मीटरचा उतार आहे, गाडी मालासकट दोन टन धरली तर त्या उतारात तीन युनिटांच्या आसपास ऊर्जा सुटते. टायर आणि वारा त्यातली काही खातात, तरी दोनेक युनिटं उरतात. वीस-बावीस युनिटांच्या बॅटरीत ती दहा टक्के जागा घेतील, आणि जागा नसेल तर डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता होऊन बसतील. म्हणून वरून निघताना बॅटरी ऐंशी-पंच्याऐंशीवर ठेवा, चार्जिंग पूर्ण करायचं ते वाईत करा. ऑइल बदलल्यावरही हे पाळा.

प्रश्न: सर, मी भोसरीला गॅरेजमध्ये काम शिकतोय. डिझेल पिकअपची एअर काढता येते मला, एकजण पेडल मारतो, दुसरा निपल सोडतो. आता इलेक्ट्रिक पिकअप यायला लागल्यात. आमचे मेस्त्री म्हणतात ब्रेक म्हणजे ब्रेक, काही वेगळं नाही. खरं का?
– एक शिकाऊ मेकॅनिक, भोसरी

उत्तर: मेस्त्रींचं ऐंशी टक्के बरोबर आहे रे, पण उरलेल्या वीस टक्क्यांत पैसे आणि बोटं दोन्ही जातात.

सगळ्यात आधी, एअर आहे का हे तरी बघ. आपल्याकडे पेडल खाली गेलं की लगेच रिंग पाना घेऊन चाकाखाली घुसायची सवय आहे. गाडी उभी करून पेडल एकदा दाब, मग पटापट दोन-तीनदा मार. मारल्यावर वर येऊन घट्ट झालं तर मागच्या शूचं (लायनर लावलेली पट्टी) अ‍ॅडजस्टमेंट ढिलं असायची शक्यता जास्त, लायनर ड्रमपर्यंत पोचायलाच पेडलचा अर्धा प्रवास जातोय. छोट्या मालगाड्यांत हे इतकं सर्रास आहे की एअर काढायला आलेल्या किती गाड्यांना नुसतं अ‍ॅडजस्टर फिरवून सोडून देता येईल. वर येऊनही रबरासारखं लचकत असेल तर एअर. आणि पाय दाबून धरला की हळूहळू जमिनीकडे सरकत असेल तर कुठेतरी लीक आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडलच्या जोराने ऑइल लाइनमध्ये ढकलणारा भाग) किट गेलंय, तिथे एअर काढत बसलास तर दिवस जाईल.

आता गाडी उचलणं. बॅटरी फ्रेमच्या मध्ये किंवा फरशीखाली असते, तिच्या केसला जॅक लावायचा नाही, अजिबात नाही, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पॉइंटलाच लावायचा आणि स्टँड ठेवल्याशिवाय खाली जायचं नाही. नारिंगी केबल दिसतील त्यांना हात लावायचं काम नाही, ब्रेकच्या कामात त्यांचा संबंधच येत नाही, पण होज पाइपाच्या शेजारून गेलेल्या असतील तर पाना कुठे टेकतोय ते बघ.

मुख्य फरक बूस्टरचा, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणाऱ्या भागाचा. डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद केलं की चार-पाच पेडलात व्हॅक्यूम संपतो आणि मग तुझ्या पायातलाच जोर लाइनला जातो. इलेक्ट्रिक पिकअपमध्ये एकतर वेगळा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप असतो, तिथे फार फरक नाही, चावी बंद ठेव आणि व्हॅक्यूम संपव, झालं. दुसऱ्या प्रकारात बूस्टरच मोटरचा असतो. या गाड्या नुसता दरवाजा उघडला किंवा पेडलला पाय लागला तरी जाग्या होतात, आणि तू निपल सोडलेलं असताना बूस्टर जागा झाला तर तो आपल्या जोराने रॉड पुढे ढकलतो, पेडल खाडकन खाली जातं, ऑइल उडतं, आणि कंट्रोल युनिटला वाटतं लाइन फुटली. मग डॅशबोर्डवर लाल दिवा आणि तो घालवायला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंट्रोल युनिटला जोडायचं यंत्र. म्हणून अशा गाडीला सर्व्हिस मोडमध्ये टाकायचं, तो कसा टाकायचा हे त्या त्या कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतं. काहींना बारा व्होल्टची बॅटरी काढायला सांगतात, काहींना उलट चालू ठेवून स्कॅनरवरून पंप फिरवायला सांगतात. अंदाजाने करायचं काम नाही हे. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर पॅड काढण्याआधी त्यालाही सर्व्हिस पोझिशनला न्यायचं, पिस्टन सी-क्लॅम्पने दाबलास तर आतला गिअर तुटतो.

पुढे तेच जुनं काम. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, मास्टर सिलिंडर बहुतेक त्याच बाजूला, म्हणून मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मॅन्युअलने वेगळा क्रम दिला असेल तर तो खरा. निपलवरची माती ब्रशने आधी साफ कर, गंजलं असेल तर गंज सोडायचं स्प्रे मारून थांब, निपल आत तुटलं की कॅलिपरच काढावा लागतो. पारदर्शक नळी लाव, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडव. वरचा म्हणतो ‘दाबलं’, तू पाव आटा सोडतोस, पेडल खाली जातं, तू आवळतोस आणि ‘सोड’ म्हणतोस, मग तो सोडतो. या ‘सोड’च्या आधी त्याने पाय उचलला की बाहेरची हवा उलटी आत. वरच्याने मोबाइल खिशात ठेवावा.

जुन्या गाडीत पेडल पार फरशीला टेकवू देऊ नकोस, खाली लाकडाचा ठोकळा ठेव. मास्टर सिलिंडरच्या आत ज्या भागात सील कधी जात नाही तिथे गंज-मळ साठलेला असतो, सील तिथवर गेलं की फाटतं आणि एअर काढायला आलेली गाडी मास्टर सिलिंडरचं बिल घेऊन जाते. प्रेशर ब्लीडर (टाकीवर दाब देऊन ऑइल ढकलणारं साधन) असेल तर उत्तम, पंधरा पीएसआयच्या आसपास दाब पुरतो, एकटा माणूस काम करतो आणि पेडलला हातच लागत नाही. व्हॅक्यूमने ओढणारं मशीन निपलच्या आट्यातूनही हवा ओढतं, नळीत बुडबुडे येतच राहतात आणि पोरं अर्धा लिटर ऑइल वाया घालवतात. टाकीतलं ऑइल मधेमधे बघत राहा, ती रिकामी झाली की पहिल्यापासून सुरू.

पिकअपवाल्यांसाठी अजून एक. काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलजवळ लोडप्रमाणे ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, दांडी लावलेला. गाडी उचलली, मागची चाकं लटकली, की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागे जाणारं ऑइल अडवतो. तू तासभर पेडल मारतोस आणि मागून थेंब थेंब येतो. चाकं जमिनीवर ठेवून एअर काढ, नाहीतर दांडी भरलेल्या गाडीच्या स्थितीत बांधून ठेव.

आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. होज पाइप, कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर बदललं असेल तर साध्या पद्धतीने एअर निघते. एबीएस युनिट बदललं किंवा टाकी कोरडी होऊन हवा थेट युनिटात गेली तर आतले व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामागची हवा पेडल मारून निघत नाही, स्कॅनरवरून व्हॉल्व्ह आणि पंप चालवावे लागतात. मेस्त्रींना एक बरा स्कॅनर घ्यायला सांग.

प्रश्न: माझी गाडी रत्नागिरीत दुकानाचा माल पोचवते, दिवसाला जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. तीन वर्षांत पॅड अर्धेसुद्धा झिजले नाहीत. ब्रेकला हात लावायची गरज नाही ना?

उत्तर: पॅड झिजले नाहीत ही आनंदाची बातमी नाही हो. ऑइलला किलोमीटर कळत नाहीत, त्याला पावसाळे कळतात, आणि तुम्ही कोकणातले तीन काढलेत. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात, तुमच्या मॅन्युअलमध्ये काय आहे बघा आणि आता बदलून टाका. त्याच वेळी कॅलिपरच्या स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) काढून साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा, साधं चेसिसचं ग्रीस नको, रबर फुगतं. रिजनमुळे ब्रेक कमी वापरला जातो, खारी हवा, पिना जागच्या जागी धरतात, मग एक पॅड झिजतो आणि दुसरा कोरा. डिस्कवर गंजाचा थर असेल तर रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, गाडी न्यूट्रलला टाकून चार-सहा वेळा चांगला ब्रेक मारा. बऱ्याच गाड्यांत न्यूट्रलला रिजन होत नाही, त्यामुळे डिस्क घासून निघते.

आणि ज्याला त्याला सांगतो ते तुम्हालाही, रिजनवर चालवायची सवय झाली की पेडल मऊ झालेलं महिनोन्‌महिने लक्षात येत नाही, कारण पाय पेडलवर जातोच कुठे? जातो तो कुत्रं आडवं आल्यावर. आठवड्यातून एकदा तरी, गाडी उभी असताना पेडल दाबून घट्ट आहे का ते बघत जा.

प्रश्न: नमस्कार काका. मी मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहतो. फोर्डची एफ-१५० लाइटनिंग आहे, २०२२ ची. लहानपणी नाशिकला बाबांच्या गाडीची एअर काढताना पेडल मारायचं काम माझं असायचं. आता ऑइल बदलायचंय. बायकोला पेडलवर बसवून घरच्या गराजमध्ये करू का, की डीलरकडे नेऊ?

उत्तर: हौस चांगली आहे, पण गाडी बाबांच्या काळातली नाही. तुझ्या ट्रकला मोटरवर चालणारा बूस्टर आहे, वर भोसरीच्या पोराला जे सांगितलं ते तुलाही लागू. फोर्डचं वर्कशॉप मॅन्युअल काही दिवसांसाठी पैसे भरून ऑनलाइन वाचता येतं, ते घे, तुझ्या वर्षाच्या ट्रकचं ब्रेकचं प्रकरण आधी पूर्ण वाच आणि मग ठरव. वाचल्यावर स्कॅन टूल हवंच असं दिसलं आणि ते तुझ्याकडे नसलं तर सरळ डीलर. नुसतं ऑइल बदलायचं असेल, टाकी कोरडी होऊ द्यायची नाही, तर प्रेशर ब्लीडर घे, म्हणजे पेडलला आणि बायकोला दोघांनाही त्रास नाही.

चाकांचा क्रम आपल्या उलट होईल हं, तुझं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे लांबचं चाक मागचं उजवं. अर्थात मॅन्युअल सांगेल तो क्रम शेवटचा. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घे. हल्लीच्या एबीएस-ईएससीला (ईएससी म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा) पातळ ऑइल लागतं, त्याला डॉट ४ एलव्ही म्हणतात. साध्या डॉट ४ ला उणे ४० अंशाला १८०० सेंटीस्टोकपर्यंत (घट्टपणा मोजायचं माप) घट्टपणा चालतो, एलव्हीला ७५० च्या आत राहावं लागतं. व्हॉल्व्ह सेकंदात कितीतरी वेळा उघडझाप करतात, तुझ्याकडच्या जानेवारीत घट्ट ऑइल त्यातून वेळेवर जात नाही. आणि डॉट ५ चुकूनही नको. आकडा मोठा म्हणजे चांगलं असं वाटतं, पण ते सिलिकॉनचं असतं, आपल्या ऑइलमध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४ च्याच जातीचं.

वाईच्या गाडीमालकांना भरलेल्या बॅटरीबद्दल जे लिहिलंय ते तुझ्याकडे थंडीत लागू होतं. बॅटरी गारठलेली असली की ती वीज घेत नाही, रिजन कमी होतं, आणि एरवी एका पेडलवर थांबणारा ट्रक सकाळी बर्फात पुढे सरकल्यासारखा वाटतो. मागे ट्रेलर असेल तर जास्तच. रस्त्यावरच्या मिठाने निपल धरलेलं असणार, तेव्हा हे काम उन्हाळ्यात कर आणि रबरी टोपणं सगळ्या निपलवर परत बसवायला विसरू नकोस.

प्रश्न: टाकीत लेव्हल कमी दिसली म्हणून पोराने पॉवर स्टिअरिंगचं ऑइल टाकलं, थोडं बॉनेटवरही सांडलं. चालेल का? (सांगली)

उत्तर: नाही चालणार. गाडी आहे तिथेच ठेवा, ब्रेकसुद्धा दाबू नका. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात. अजून पेडल दाबलं नसेल तर टाकीतलं सगळं सिरिंजने काढून, टाकी काढून धुवून, लाइन नव्या ऑइलने फ्लश करून कदाचित सुटाल. गाडी चालवली असेल तर मास्टर सिलिंडरचं किट, होज पाइप, कॅलिपर आणि व्हील सिलिंडरची सीलं, एबीएस असेल तर तेही तपासावं लागेल, बिल मोठं येईल, तयारी ठेवा. बॉनेटवर सांडलं ते पॉवर स्टिअरिंगचंच असेल तर साबणाच्या पाण्याने पुसा. टाकीतलं ब्रेक ऑइल सांडलं असेल तर घासू नका, लगेच भरपूर पाणी ओता, ते रंग खातं.

आणि लेव्हल कमी का झाली ते आधी बघा. पॅड झिजले की लेव्हल आपोआप थोडी उतरते, नवे पॅड टाकले की परत चढते, त्यात काही ओतायची गरजच नसते. पॅड चांगले असून लेव्हल उतरली असेल तर चाकांच्या आतल्या बाजूला, मागच्या ड्रमच्या खालच्या कडेला बोट फिरवून बघा, ओलं लागलं तर लीक सापडलं.